पुल्लिंगी लघुनाव आणि नामधारिणी

शाळेचे वर्ष सुरू होते. नवा हजेरीपट शिक्षकांच्या हाती येतो आणि पहिल्याच दिवशी एखादे नाव असे निघते की, ते वाचताना त्यांची नजर आपोआप मुलांच्या बाकांकडे वळते. 'हजर' हा शब्द मात्र ऐकू येतो मुलींच्या बाजूने. वर्ग हसतो, शिक्षकही किंचित हसतात, आणि मग पुष्कळदा एक प्रश्न येतो : "हे तुझे खरे नाव का?" त्या प्रश्नामागे कोणताही दुष्ट हेतू नसतो, तथापि आठ-दहा वर्षांच्या मुलीला तो एवढेच सांगतो की, तुझ्या नावात काहीतरी चुकले आहे. काही वेळा गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. 'किरण'चे 'किरणबाला' होते, 'धोंडू'चे 'धोंडाबाई' होते, आणि शिक्षकांच्या सद्भावनेने केलेली ही दुरुस्ती शाळेच्या दप्तरात कायमची बसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे नाव असेल तेच पुढे जन्मभर चालते. ते बदलावयाचे तर शासकीय राजपत्रात जाहिरात देण्यापर्यंत जावे लागते. तेव्हा हा विषय वरकरणी गमतीचा दिसला, तरी शिक्षकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी तो एकदा नीट समजून घेण्याजोगा आहे. मुलीला पुरुषी वळणाचे लघुनाव ठेवणे हा मराठीत दोष आहे काय? आणि नसेल, तर आपली भाषा ते नाव सांभाळते कसे?

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. शब्दाचे लिंग आणि व्यक्तीचे लिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हे समजावून देण्यासाठी एक प्रसिद्ध त्रयी सांगतात. पत्नी ह्याच अर्थाचे तीन शब्द : 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी, तोही नित्य बहुवचनी. व्यक्ती एकच, लिंगे तीन. मराठीतही 'मूल' नपुंसकलिंगी आहे, म्हणून मुलगा-मुलगी ह्या भेदाला काही बाधा येत नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तर 'चेडूं' म्हणजे मुलगी, आणि कोंकणीत तिच्याविषयी बोलताना क्रियापदही नपुंसकलिंगी येते. त्या बोलीत वाढलेल्या माणसाला ह्यात काहीच विचित्र वाटत नाही. त्यात मायाच असते.

विशेषनामांकडे वळले म्हणजे हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. 'इंदू' हे नाव ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर मुलगी उभी राहते. पण संस्कृतातील 'इंदु' म्हणजे चंद्र, आणि तो पुल्लिंगी आहे. 'सिंधु' हा शब्द समुद्र ह्या अर्थी पुल्लिंगी. तरी गडकऱ्यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' नाटकानंतर 'सिंधू' म्हणजे सोशिक पतिव्रता, हे समीकरण मराठी मनात पक्के झाले. 'हिरा' पुल्लिंगी, पण हिराबाई पेडणेकर आणि हिराबाई बडोदेकर ही नावे घेताना तो हिरा कोणालाच खटकला नाही. 'कुसुम', 'सुमन', 'कमल', 'कांचन' हे सारे मुळात नपुंसकलिंगी शब्द. वि. वा. शिरवाडकरांनी कुसुम नावाच्या आपल्या बहिणीचा थोरला भाऊ ह्या नात्याने 'कुसुमाग्रज' हे टोपणनाव घेतले. त्या नावातील पहिले पद नपुंसकलिंगी आहे हे किती वाचकांच्या ध्यानात येत असेल? नाव माणसाला चिकटले की, त्या शब्दाचे मूळ लिंग मागे पडते आणि माणसाचे लिंग त्याची जागा घेते. विशेषनामाचा हा धर्मच आहे.

हे केवळ अर्थापुरते घडत नाही. विभक्तिरूपांतही त्याची खूण उमटते. अंगठीतील हिऱ्याला पैलू पाडतात, पण हिराला हाक मारतात. सामान्यनाम असताना 'हिरा' शब्दाचे सामान्यरूप 'हिऱ्या' होते. मुलीचे नाव झाल्यावर ते होत नाही. किरणाने अंधार फिटतो, पण किरणने गणित सोडविले असे आपण म्हणतो. सामान्यनामाच्या जागी असताना शब्द आपल्या लिंगाच्या नियमाने वागतो, आणि व्यक्तीचे नाव होताच तो नियम बाजूस ठेवून स्वतःचे रूप अखंड राखतो. असा भेद भाषा उगाच करीत नाही. हा शब्द आता माणसाच्या मालकीचा झाला, असे तिने केलेले ते चिन्ह आहे.

आता लघुनावाकडे येऊ. मोठ्या नावाला लहान करून हाक मारण्याची रीत फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायात ह्या विषयाची स्वतंत्र सूत्रेच आहेत. देवदत्ताचे 'देविक', 'देविय', 'देविल' असे होते. पुढील व्याकरणपरंपरेत देवदत्ताचा नुसता 'दत्त' आणि सत्यभामेची नुसती 'भामा' झालेली सांगितली आहे. विशेष असा की, ह्या रूपांना पाणिनीने ज्या अर्थाखाली घातले तो अर्थ 'अनुकंपा' हा होय. लहान केलेले नाव म्हणजे मायेचे नाव, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या वैयाकरणानेही ओळखले होते.

मराठीत ह्या लघुनावांच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 'ऊ'काराची. गणेशचा गणू, दामोदरचा दामू, विश्वनाथचा विसू. तशीच गंगेची गंगू, यमुनेची यमू, शकुंतलेची शकू. ही पायरी मायेची. आणि तिच्यावर स्त्री-पुरुष असा भेद नाही. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' ह्या कादंबरीतील यमू आणि कोणत्याही घरातील विसू ह्यांच्या नावांचा घाट एकच आहे. दुसरी पायरी रागाची किंवा सलगीची, आणि तेथे मात्र लिंग उघडे पडते. मुलाचे नाव 'या'काराने संपते : गण्या, दाम्या, विश्या. मुलीचे 'ई'काराने : गंगी, यमी, शकी. म्हणूनच काही लघुनावे दोघांनाही सारखीच शोभतात. मधुकर आणि मधुमालती दोघेही 'मधू'. विजय आणि विजया दोघेही 'विजू'. चंद्रकांत आणि चंद्रकला दोघेही 'चंदू' होऊ शकतात. शेजारच्या घरातून 'मधू' अशी हाक आली, तर आत मुलगा आहे की मुलगी हे कळत नाही. 'मध्या' किंवा 'मधी' अशी आली म्हणजे तत्काळ कळते. माया करताना मराठी माणूस लिंग विसरतो आणि रागावताना त्याला ते आठवते, असे म्हणावयास हरकत नाही.

संबोधनातही हेच दिसून येते. आई मुलीला 'बाळा', 'राजा', 'सोन्या' म्हणते. तिन्ही संबोधने पुल्लिंगी वळणाची. पण ती म्हणते 'ये गं राजा', 'रडू नको गं सोन्या'. नाम पुरुषी आणि अव्यय बायकी! लिंगाची खूण नामावरून उतरून त्या इवल्याशा 'गं'वर जाऊन बसली. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतून मुलीला 'बेटा' म्हणण्याची रीत ऐकू येते, ती शेजारच्या हिंदीतून आलेली. पण तिच्यामागील भाव आपल्या 'बाळा'हून वेगळा नाही. कोल्हापूर-बेळगावकडील मुली 'मी जातो', 'मी आलो' असे सहज बोलतात. प्रमाणभाषेच्या शिक्षकाला ते चुकीचे वाटते, परंतु त्या बोलीत ते निर्मळ बोलणे आहे, आणि बोलणारी मुलगी आहे ह्याविषयी तेथे कोणाला संभ्रम पडत नाही.

मग पुरुषी नाव असलेल्या मुलीची ओळख वाक्यात होते कशी? मराठीची रचना येथे पुरेपूर साह्य करते. 'किरण येईल' ह्या भविष्यकाळी वाक्यात भेद कळत नाही. पण 'किरण येते', 'किरण आली', 'आमची किरण' म्हटल्याबरोबर शंका फिटते. आदरार्थीही 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' असा भेद भूतकाळात राहतो. क्रियापद, विशेषण, षष्ठीचा प्रत्यय, 'रे' आणि 'गं' अशा चार ठिकाणी आपण लिंग सांगत असतो. एवढे सगळे सांगून झाल्यावर नावानेही तेच पुन्हा सांगितले पाहिजे, असा आग्रह भाषेचा नाही. तो आपला आहे. लेखी व्यवहारात थोडी अडचण येते खरी. यादीत क्रियापद नसते, नावाआधीचे 'कु.' हे कुमाराचेही आणि कुमारीचेही. आणि मधले नाव वडिलांचे असो की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने ठरविल्याप्रमाणे आईचे त्याआधी येवो, मुलाची जात त्यावरून कळत नाही. वाङ्मयसूची करणाऱ्यांनी तर येथे विशेष सावध असावयास हवे. किरण नगरकर हे कादंबरीकार पुरुष, तर किरण देसाई ह्या कादंबरीकर्त्या स्त्री. ग्रेस ह्या नावाने लिहिणाऱ्या कवीचे मूळ नाव माणिक गोडघाटे, आणि भावगीते व शास्त्रीय संगीत दोन्ही गाजविणाऱ्या माणिक वर्मा (१९२६–१९९६) ह्या गायिका. हुमनाबादजवळच्या माणिकनगरातील माणिकप्रभू (१८१७–१८६५) हे सत्पुरुष हैदराबाद भागातील वाचकांना सांगावयासच नको. संत, कवी आणि गायिका ह्या तिघांनी एकच नाव वाहिले, आणि मुळात 'माणिक' शब्द आहे नपुंसकलिंगी!

शास्त्राची साक्ष काढणारेही येथे भेटतात. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, सम, असावे आणि मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असे सांगितले आहे. मनुस्मृतीत स्त्रीचे नाव उच्चारण्यास सोपे, मृदू, मनोहर, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे, असे आहे. हे नियम आहेत हे खरे. पण लोकांनी ते किती पाळले? सीता, गंगा, राधा, रमा ही नावे दोन अक्षरी, म्हणजे सूत्राच्या हिशेबाने मुलांची ठरतील. त्यांना कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात जे नाव सांगते, ते घरातल्या मायेने, कुलदैवताने, आजी-आजोबांच्या आठवणीने ठरते, अक्षरगणनेने नव्हे.

आणि आता ज्या नावासाठी हा लेख मुख्यतः लिहावयाचा, त्याकडे वळू. धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) ह्या कोल्हापूरच्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका, भूर्जीखाँ आणि केसरबाई केरकर ह्यांच्या शिष्या. घराण्याच्या अवघड, अनवट रागांची विद्या त्यांनी निष्ठेने सांभाळली व शिष्यांना दिली. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'धोंडू' हे नाव मराठी समाजात पुरुषाचे. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे हे धोंडूपंत. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणारे आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव. अशा नावापुढे 'ताई' हे पद लागले आणि ते एका स्त्रीचे झाले. 'पंत' लागले की धोंडूपंत, 'ताई' लागले की धोंडूताई. मधले 'धोंडू' जागच्या जागी. मराठीतील ताई, बाई, अक्का, माई ही नात्याची पदे किती समर्थ आहेत, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. हीच सोय शीख समाजाने सर्वांसाठी केली आहे. आपल्या नांदेडच्या गुरुद्वारात येणारे गुरप्रीत, हरजीत हे स्त्री की पुरुष हे नावावरून कळत नाही. पुढे 'सिंग' आहे की 'कौर' हे पाहिले म्हणजे कळते.

पण धोंडू ह्या नावाचा खरा अर्थ व्याकरणात सापडत नाही. ज्या घरात मुले होऊन जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू असे ठेवीत. हे रत्न नाही, हा दगड आहे. हे कोणाच्या डोळ्यांत भरू नये, काळाने ह्याला नेऊ नये, हा त्यामागचा भाव. नवसाच्या मुलाचे नाक टोचून त्याला 'नथू' म्हणत, तोही ह्याच जातीचा उपाय. जुन्या काळी बालमृत्यू हा घरोघरचा अनुभव होता हे आठवले म्हणजे ह्या नावांतील कळवळा समजतो. ओबडधोबड शब्द, पण त्यामागे आईबापांची प्रार्थना : हे मूल राहो. मुलीसाठीही जेव्हा घराने असे नाव निवडले, तेव्हा त्या घराला मुलगी हवी होती, ती जगावी असे वाटत होते, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

ह्याच्या उलट एक नाव पाहा. 'नकोशी' किंवा 'नकुसा' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष, मुलींचेच नाव. पण त्याचा अर्थ 'ही नको होती' असा. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलीमागून मुलगी झाली म्हणजे हे नाव ठेवीत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या मुलींची जुनी नावे लिंगाला धरूनच होती. त्यांना सलत होता तो अर्थ. ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे नावात पाहावयाचे काय, हे स्पष्ट होते. धोंडू पुरुषी आणि कठोर, पण त्यात स्वागत आहे. नकोशी बायकी, पण तिच्यात दार लावलेले आहे.

ह्या संदर्भात एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. मुलीला मुलाचे नाव चालते, पण मुलाला मुलीचे चालत नाही. रमाकांताला घरात सहसा कोणी नुसते 'रमा' म्हणत नाही. लक्ष्मीकांत, उमाशंकर ह्या नावांत देवीला पुरुषवाचक पदाचा आधार द्यावाच लागतो. मुलगी मुलासारखी निघाली तर कौतुक आणि मुलगा मुलीसारखा निघाला तर हसे, ही समाजाची जुनी तऱ्हा नावांतही उतरली आहे. काही घरांत मुलीला पुरुषी नाव ठेवण्यामागे 'मुलगा असता तर' ही हुरहुरही असते. आक्षेप खरा आहे. तथापि त्यावरून नाव दोषी ठरत नाही. एकाच 'विजू' ह्या नावामागे एका घरात आजोबांची आठवण असेल, दुसऱ्या घरात विजयादशमीचा जन्म असेल, तिसऱ्या घरात न झालेल्या मुलाची खंत असेल. नावाच्या अक्षरांवरून ह्यातले काहीच कळत नाही. कळते ते त्या घराला विचारल्याने, आणि त्याहूनही अधिक, त्या मुलीला विचारल्याने.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना सुचवावयाचे ते एवढेच. नाव दप्तरात उतरविताना ते पालकांनी सांगितले तसेच उतरवावे. शंका आल्यास शेजारच्या रकान्यात मुलगा किंवा मुलगी हे लिहिण्याची सोय आहेच, त्यासाठी नावाला शेपूट जोडण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी 'हे तुझे खरे नाव का?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय म्हणून हाक मारू?' असे विचारावे. अर्थ दुखविणारा असेल आणि मुलीलाच तो नको असेल, तर नाव बदलण्यासाठी तिच्या पाठीशी उभे राहावे. पण केवळ शब्द पुल्लिंगी आहे म्हणून तिच्या नावाला हात लावू नये. आणि मराठीच्या तासाला लिंगविचार शिकविताना हीच नावे फळ्यावर लिहावीत : इंदू, हिरा, किरण, माणिक, धोंडू. नाम आणि नामधारिणी ह्यांतील भेद समजावून देण्यास ह्याहून जिवंत उदाहरणे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळावयाची नाहीत. ज्या मुलीच्या नावावर पहिल्या दिवशी वर्ग हसला, तिचेच नाव फळ्यावरच्या त्या यादीत असेल, तर त्या तासाला ती मान वर करून बसेल.